पातूर, विकतचा हार आणि झेंडूचं वावर

ऑगस्टचा दुसरा रविवार. सकाळी सातला बडनेऱ्याहून पॅसेंजर, नऊच्या सुमारास अकोला, तिथून एसटीने पातूर. संध्याकाळी परत. पाऊस नव्हता.

पातूरला बहुतेक लोक लेणी बघायला जातात. मी सुधाकरच्या घरी गेलो. माझ्या वडिलांची बदली पातूरला झाली होती, तेव्हा चौथी ते सातवी आम्ही एका बाकावर बसलो. मे महिन्यात तो हृदयविकाराने गेला. मला जूनमध्ये कळलं, तरी गेलो नाही. रजा मिळत नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे त्याच्या आईसमोर उभं राहायची भीती वाटत होती. कितीतरी वर्षांत त्या घरी पाऊल टाकलं नव्हतं.

नाश्ता अकोल्यातच उरकावा. स्टेशनबाहेर तर्री-पोहे चांगले मिळतात. तर्री जपून मागा, रस्सा फार तिखट असतो. बसस्थानकाजवळ मी सुधाकरच्या फोटोसाठी झेंडूचा हार घेतला. पातूरला तासभर लागतो, रस्ता बरा आहे. शेजारच्या बाईंनी पिशवीत डोकावून विचारलं, "कोनाचा सत्कार हाय जी?"

"मित्राकडे चाललोय," म्हणालो.

सुधाकरचं घर गावाबाहेर, फुलांच्या वावरातच आहे. काकू, म्हणजे त्याची आई, ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. मी हार पुढे केला.

"इकत आनला? झेंडू? आमच्या घरी?" समोर सगळं वावर पिवळं होतं. "तुले अक्कल कवा येईन रे बापा!"

त्यांनी तो फोटोला घातला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काहून नाई आला तवा?"

"उशिरा कळलं, काकू. जूनमध्ये."

"कळल्यावर बी दोन मयने झाले."

पाणी पिऊन झालं. त्यांनी कोपऱ्यातली टोपली माझ्यासमोर ठेवली. "उद्या श्रावन सोमवार हाय. फुलं तोडू लाग."

दोन तास तोडली. झेंडूने नखं काळी पडतात. शाळेत असताना मी सकाळी सुधाकरला तोडायला मदत करायचो. एकदा गुरुजींनी नखं तपासली. माझी पाळी आली तसा सुधाकर उठून म्हणाला, "गुर्जी, म्याच मुद्दाम चोळलं त्याच्या हाताले." पट्ट्या त्यालाच बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाला, "तुह्या बापाले कळलं असतं तं तुले वावरात येऊ देलं नसतं." हे मी इतकी वर्षं विसरलो होतो.

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. चारच्या बसला निघालो तेव्हा काकू फाटकापर्यंत आल्या.

"दसऱ्याच्या आंधी मानसं भेटत नाई तोडाले. दोन दिवस ये. अन् येताना हार नको आनू."

लेणी राहिली. बघायची असतील तर सकाळी लवकर जा आणि पाणी सोबत ठेवा. मला एवढंच सांगता येईल.

घरी येऊन हात साबणाने धुतले. नखं तशीच राहिली. चहा ठेवला आणि रजेचा अर्ज काढला. दसऱ्याआधीचे दोन दिवस. कारणाच्या रकान्यात 'घरचं काम' लिहिलं आणि सही केली.