इंगोले साहेबांनी परत आणलेली वस्ती

सुधाकरराव इंगोले साहेबांची आणि माझी पहिली भेट कारंज्याच्या एसटी स्टँडवर झाली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आपला वाशीम भाग तेव्हा अकोला जिल्ह्यातच होता. साहेबांनी स्वतःची वळकटी बसच्या टपावर टाकली होती आणि पंचकार्डांचा खोका मात्र नागपूरपासून मांडीवर घेतला होता. "आधी हा धरा, मी मागून उतरतो," हे त्यांचे माझ्याशी पहिले वाक्य.

गावोगावच्या पाण्याची पाहणी चालू होती. मी त्या माहितीची भोके पाडलेली कार्डे तयार करून घेत असे, साहेब नागपूरच्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम लिहीत. गावात वस्त्या, वस्तीत घरे, घरात पाण्याच्या नोंदी, असा एकात एक बसवलेल्या डब्यांसारखा पसारा होता. त्यात कोऱ्या नोंदी इतक्या, की छापील यादीत कामाचे शोधताना डोळे जात. साहेबांच्या प्रोग्रामने आतून बाहेर सफाई केली. आधी कोरी नोंद काढायची, मग ज्या घरात काहीच उरले नाही ते घर, मग जिच्यात एकही घर उरले नाही ती वस्ती. यादी सुटसुटीत झाली, सगळे खूश झाले. साहेबांच्या टेबलावरचे चहाचे रिकामे कप मात्र संध्याकाळपर्यंत जागचे हलत नसत, हेही साहेबांच्या या गौरवग्रंथात नोंदवून ठेवतो.

बोअर कुठे घ्यायचे, ते या यादीवरून ठरणार होते. अशात इंझोरीजवळच्या एका वस्तीतल्या रुखमाबाई कचेरीत आल्या. त्यांची वस्ती ऊसतोडीला गेलेली, घरांना कुलपे, मागे त्या एकट्या. पाहणीवाला आला तेव्हा त्याही नाल्यावर पाण्याला गेल्या होत्या. त्याने सगळी घरे कोरी सोडली आणि प्रोग्रामने वस्तीच काढून टाकली.

"वस्ती यादीत नाई म्हंतेत," रुखमाबाई म्हणाल्या. "मंग मी रोज पानी भरून कोनाच्या घरी नेऊन राह्यली?"

वरिष्ठ म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पाहणीवाल्याला धारेवर धरणे सोपे होते. साहेब सर्वांसमोर म्हणाले, "चूक त्याची नाही, माझी आहे. कोरे म्हणजे नाहीच, असे मी धरून चाललो."

ते स्वतः वस्तीवर गेले, दारोदार फिरले आणि प्रोग्राम बदलला. निरुपयोगी कोऱ्या नोंदी पूर्वीसारख्याच निघाल्या. पण कुलूप असलेल्या घराला वेगळी खूण मिळाली आणि ते घर काढायचे नाही असे ठरले. 'पाणी नाही' हे तर त्यांनी चक्क उत्तर मानले. नव्या यादीत आणखीही काही वस्त्या परत आल्या. इंझोरीच्या वस्तीत सगळी कुलपे आणि भरलेली नोंद एकच, रुखमाबाईंची. तेवढ्या नोंदीवर साहेब वरिष्ठांपुढे बसले, ते बोअरच्या मंजुरीवर सही होईपर्यंत उठले नाहीत. शांत माणसाचा हट्ट काय असतो, ते मी त्या दिवशी पाहिले आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

ऊसतोडीची माणसे परतली तेव्हा वस्तीच्या तोंडाशी हातपंप उभा होता. आम्ही दोघेही तिथे होतो. रुखमाबाईंनी पंपाचा दांडा धरला आणि थकून आलेल्या लेकी-सुनांना दरडावले, "पयले हातपाय धुवा. चांगलं भरपूर पानी घ्या, मंग घरात जा."

साहेब पंचाहत्तर वर्षांचे झाले. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे, म्हणून शुभेच्छांवर न भागवता हक्काने आशीर्वाद देतो: साहेब, प्रकृती ठणठणीत राहो, आणि त्या माणसांच्या वाट्याला पाणी आले तसे भरपूर, मोजावे न लागणारे आयुष्य तुम्हाला मिळो.