सकाळी आखडलेली पाठ

माझी पोरगी चौथीत व्हती. सकाळी तिला अंथरुणातनं उठताच यायचं नाय. कुशीवर वळायची, हातावर जोर द्यायची, मग म्हातारीवानी वाकून मोरीपर्यंत जायची. मला धडकीच भरली. पाठ अशीच वाकडी राह्यली तर पुढं कसं व्हायचं हिचं, सारखं तेच डोक्यात, तव्यावरची भाकर जळली तरी कळायचं नाय.

सासूला मी आत्या म्हणते. आत्या पायाळू, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी आले. तिकडं गावी, पिशोरला, कुणाच्या पाठीत उसण भरली की तो माणूस आमच्या वसरीत येऊन पालथा पडायचा, अन् आत्या त्याच्या पाठीला पाय लावायच्या. आम्ही शहरात गारखेड्यात राह्यला आलो तरी लोक यायचेच, वरच्या मजल्यावरचे सरसुद्धा. मग घरच्या पोरीला आणखी कुठं न्यायचं?

"उसणच हाय ही. निज गं पालथी," आत्या म्हणल्या.

रोज सकाळी पाय लावायच्या. अन् खरंच, पोरगी कशीबशी शाळेत जायची अन् दुपारी उड्या मारत घरी यायची. आत्या मला म्हणायच्या, "बघ! निघाली व्हती दवाखान्यात पळायला." मलाबी बरं वाटायचं. पण दुसऱ्या सकाळी परत तेच. पावसाळा गेला, दिवाळी गेली, अन् तिची टाच दुखायला लागली. टेकवली की रडायची. उसण काय टाचंत भरत नाय, एवढं मलाबी कळत व्हतं.

मी मालकाला म्हणलं, "अहो, चला आता." आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. आत्याबी आल्या, रिक्षात तोंड फिरवून बसल्या.

डॉक्टर बाई व्हत्या. त्यांनी विचारलं, "कधी जास्त दुखतं?"

माझ्या आधी आत्याच बोलल्या, "सकाळी. मी पाय लावला की दुपारपर्यंत मोकळी."

बाई हसल्या नाय. म्हणल्या, "आणि आजी, सुट्टीच्या दिवशी?"

आत्या म्हणल्या, "रविवारी नाय लागत गुण. दिवसभर टीव्हीपुढं लोळती ना, मग संध्याकाळपर्यंत आखडलेलीच."

"म्हणजे ती हालचालीनं मोकळी होते, आजी."

मग रक्त तपासलं, कमरेचा फोटो काढला. मणक्याचा वात निघाला, लहान लेकरांनाबी होतो म्हणे. मी सातवीत शाळा सोडलेली, कागदावरचं काय कळंना. "बाई, पाठ वाकडी राहील का हो हिची?"

"वेळेत आणलंत. औषध, रोजचा व्यायाम आणि हा वात डोळ्यांतही उतरू शकतो म्हणून मधनंमधनं डोळ्यांची तपासणी, एवढं सांभाळलं तर पाठ चांगली राहायची आशा आहे. पण निजवून ठेवायचं नाही. आणि पाठीवर कुणी पाय द्यायचा नाही."

येताना रिक्षात आत्या एकदम म्हणल्या, "म्हणजे आता माझं काय कामच नाय व्हय?"

मला भ्या वाटलं, तरी म्हणलं, "तुम्ही तिला सकाळी फिरवा की. माझं ती ऐकत नाय."

"तुझं कोण ऐकतंय," आत्या म्हणल्या. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच पोरीला हाका मारायला लागल्या. ती कुरकुरायची, रडायची, आत्या हाताला धरून मैदानावर न्यायच्या. औषधाला गुण यायला वेळ लागला. अजूनबी एखाद्या सकाळी आखडती.

पण परवा मी दारात उभी व्हते. पोरगी मैदानाकडनं पळत आली अन् मला वलांडून घरात शिरली. मागनं आत्या धापा टाकत, "थांब गं भवाने, जीव घेती का माझा!"

मी आत वळून पोरीची पाठच बघत राह्यले. सरळ व्हती.

"अगं, बघती काय," आत्या पायरीवर बसत म्हणल्या, "पाणी आण मला."