पितळेचं तोंड

शाळेतून आलेली ती चिठ्ठी इंग्रजीत होती आणि आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. आप्पांची सही होऊन ती सोमवारी परत गेली नाही, तर माझं नाव पटावरून निघणार होतं. आणि शाळा सुटली की संकेश्वरहून आलेल्या स्थळाला होकार जाणार, हेही मला ठाऊक होतं.

माझा गुन्हा असा. शाळा बघायला साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी आम्हा मुलींना अंगणात उभं केलं आणि ठिगळाचे परकर घातलेल्या चौघींना मागच्या रांगेत सारलं. चौघी आमच्याच शहापुरातल्या, विणकरांच्या. ज्यांच्या मागावर दुसऱ्यांच्या साड्या निघतात, त्यांच्याच पोरी लपवायच्या? त्या दिवसांत हाती येईल ते चळवळीचं पत्रक मी पाठ करत असे. ती सगळी एकदम अंगात आली. साहेबांच्या देखत मी चौघींना हाताला धरून पुढे आणलं.

चिठ्ठीत माझ्याबद्दल लिहिलेला एक शब्द मला अडला. ब्रेझन. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वकीलकाकांकडे जाडजूड कोश होता. काकांनी चष्मा लावला, ओळीवरून बोट फिरवलं आणि हसले.

"ब्रास म्हणजे पितळ. त्यावरून हा शब्द. आधी अर्थ नुसता पितळेचा. मग पितळेसारखा कडक. आणि मग निलाजरा. माणसाचं तोंड शरमेनं उतरतं, पितळेचं उतरत नाही, असा त्यांचा हिशेब. तू घरी 'धीट' म्हणून सांग हो. कोण तपासायला येतंय?"

वाटेत मी तो 'धीट' दहादा घोकला.

आप्पा मागावर बसले होते. आई मागच्या दारी चिंच आणि राख घेऊन पितळेची घागर घासत होती. घागर तिच्या माहेरची. तिच्यावर आईचं लग्नाआधीचं नाव कोरलेलं होतं. सासरी नाव बदललं, त्या नावानं तिला आता कुणी हाक मारत नसे.

"वाच," आप्पा म्हणाले.

मी वाचत गेले. त्या शब्दापाशी आले, पण 'धीट' काही तोंडातून निघेना. चौघींसाठी खरं वागायचं आणि स्वतःसाठी खोटं बोलायचं?

"निलाजरी," मी म्हटलं. "पितळंवरनं आलाय शब्द. पितळंच्या तोंडाला लाज नसती, म्हणून."

मागावरचा धोटा थांबला. आप्पांनी मान वर केली नाही. मला वाटलं, संपलं.

"लाज नसती?" आई मागूनच बोलली. "कुणी लिवलं गं हे? त्यानं जन्मात कधी भांडं घासलंय का? दोन दिस हात न्हाय लावला तर काळवंडतंय. ओलं ठेवलं तर डाग धरतंय. आणि चिंच लागली की लगीच हसाय लागतंय. पितळंला लई कळतंय, त्या मास्तरापरास जास्त."

आप्पांनी हसू दाबलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "पुन्यांदा करशील?"

"व्हय, आप्पा."

"ऐकलंस?" ते आईला म्हणाले. "आता संकेश्वरवाल्यांस्नी काय सांगू?"

"पोरगी शिकतीया म्हणून सांगा की."

आप्पांनी हातातला धोटा बाजूला ठेवला. मग त्यांनी दौत मागितली. माफीचा एक शब्द न घालता चिठ्ठीखाली लिहिलं, 'वाचलं', आणि सही केली.

सोमवारी हेडमास्तरांनी ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, खणात टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा, बस जाग्यावर."

त्या दिवशी घरी आल्यावर मी आईच्या हातातली चिंच काढून घेतली आणि घागर पुढ्यात ओढली. तिनं घासू दिली. कोरलेल्या अक्षरांवर माझा हात आला, तेवढ्यापुरती ती वाकली.

"नावावर हळू गं," म्हणाली, "झिजंल."