आधी जुनं दाखवा

माझी जीप एकोणीसशे अडुसष्टची. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण दुखणी माझ्यापेक्षा जास्त. तीन वर्षांपूर्वी तिनं एक नवंच खूळ काढलं. बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या घरून निघालं की आठ-नऊ किलोमीटर झकास पळायची आणि मग चार आचके देऊन बंद पडायची. अर्धा तास कडेला उभी केली की काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं इंजिनियर म्हणून घालवलेल्या माणसाला हे सहन होत नाही. मला तर मुळीच होत नाही, माझा स्वभाव मुळात तापट.

आमचा जुन्या जीपवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ‘लो गियर’ नावाचा. सतरा माणसं, चार भाषा, आणि प्रत्येकाच्या बोटांच्या पेरांत कायमचं ग्रीस. दुखणं सांगायचा अवकाश, सल्ले सुरू. आमच्यातली सगळ्यात धाडसी ड्रायव्हर देवश्री म्हणाली, कॉइल तापत असणार. कॉइल बदलली. कापडवाला विनोदकुमार म्हणाला, कार्बोरेटर. तो उघडून धुतला, नवं किट घातलं. आनेकलला शेती करणारा वादिराज तर पहाटे उठून आला, दोन तास माझ्या जीपखाली उताणा पडला आणि पेट्रोलची नळी गरम भागापासून लांब बांधून, उपीट खाऊन परत गेला. या लोकांनी माझ्यासाठी किती रविवार घालवले याची मोजदाद नाही. कुणी कधी कंटाळा दाखवला नाही. जीप मात्र आठ किलोमीटरांवर ठाम होती.

शेवटी माझी बायको विद्या म्हणाली, “आता एकदा रस्त्यात बसवलंत ना, तर मी ऑटो करून घरी जाईन. आणि तुम्ही जीप विकूनच घरी या.”

उरला होता पेट्रोलचा पंप. वादिराज म्हणाला, तो शकुंतलाअक्कांकडेच मिळेल.

जे. सी. रोडच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. आठ फूट बाय बारा फूट. जमिनीपासून छतापर्यंत पत्र्याचे आणि पुठ्ठ्याचे डबे, एकावरही नाव नाही. मध्ये स्टुलावर सत्तरी ओलांडलेल्या बाई. जाड चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि मेकॅनिकची काळी नखं. त्यांच्या तोंडी मराठी ऐकून मी हरखलो, आणि पुढच्या मिनिटाला भडकलो.

“अक्का, अडुसष्टच्या जीपचा पेट्रोल पंप द्या.”

“जुना आणला?”

“तो गाडीला आहे.”

“सरी, ठीक आहे. काढून आणा. जुनं दाखवल्याशिवाय मी नवं देत नाही, अण्णा.”

भर उन्हात, गल्लीत, येणाऱ्या-जाणाऱ्या टेम्पोवाल्यांच्या शिव्या खात मी पंप काढला आणि त्यांच्या पुढ्यात आपटला. त्यांनी तो पुसला, तोंडावर अंगठा दाबला आणि खालचा दांडा दोन-तीनदा हलवला.

“छान ओढतोय की! याला काय झालंय?”

“मग गाडी बंद का पडते?” मी ओरडलोच.

“बिघडलं काय ते विचारू नका. नवं काय घातलंत ते सांगा.”

मी यादी सांगितली. त्यांनी मान हलवली. “हे सगळं बंद पडायला लागल्यावर घातलं. त्याच्याआधी?”

आधी? आधी काहीच नाही. म्हणजे, टाकीचं झाकण तेवढं. जुनं गंजलं होतं, म्हणून ऑनलाइन एक चकचकीत झाकण मागवलं होतं. ते सांगतानाच माझा आवाज खाली आला.

“नव्या झाकणाला बारीक भोक आहे? नसेल. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत नको यायला? आता बंद पडली की झाकण स्वल्प सैल करा. सूं असा आवाज आला तर घरी जाऊन जुनंच बसवा.” आणि पंप माझ्या हातात परत.

मडिवाळ्याच्या अलीकडे जीप बंद पडली. झाकण सैल केलं. सूं. किल्ली फिरवली, सुरू! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शोभेसाठी झाकण घेतलं आणि तीन महिने सतरा माणसांना कामाला लावलं. अक्कांनी मला एकही वस्तू न विकता माझी जीप वाचवली. त्या दिवसापासून मी त्यांचा ऋणी आहे आणि हे मी कुणालाही चारचौघांत सांगतो.

पुढे वेळ मिळेल तेव्हा मी तिथं जाऊन बसायला लागलो. अक्कांचं घराणं पाच-सहा पिढ्या बंगळूरचं. त्यांच्या यजमानांनी, कृष्णाजींनी, एकोणऐंशी साली दुकान काढलं आणि तीन वर्षांत हृदयविकारानं गेले. मुलगा किरणकुमार तेव्हा दोन वर्षांचा. अक्का स्टुलावर बसल्या त्या बसल्याच. येणाऱ्यातल्या निम्म्यांना त्या जुनाच पार्ट रॉकेलनं धुऊन परत देत. ‘अक्कांचा नियम’ आमच्या ग्रुपवर देवळातल्या आरतीसारखा म्हटला जाई. देवश्री म्हणायची, उधळपट्टी थांबवायला केलाय. मी तर त्यावर एकदा इंजिनियरिंगच्या भाषेत लांबलचक भाषण टाईप केलं होतं.

या जानेवारीत बातमी आली. इमारत पडणार, महिनाअखेर दुकान रिकामं करायचं. किरणकुमार व्हाइटफील्डला आयटीत आहे. आईला अकराव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये नेणार होता आणि भंगारवाला मंगळवारी यायचा होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा माल, ज्यातले निम्मे पार्ट आता कुठल्याही कारखान्यात बनत नाहीत, वजनावर जाणार होता.

आधीच्या रविवारी आम्ही सगळे पोती आणि याद्या घेऊन गल्लीत हजर झालो. मला दोन पंप, विनोदकुमारला ब्रेकचे संच, देवश्रीला गियरची चाकं. जो तो पुढच्या वीस वर्षांची बेगमी करायला निघालेला. अक्कांनी माझी यादी वाचली.

“पंप कशाला? तुमचा चांगला आहे.”

“पुढे लागेल.”

“लागेल तेव्हा जुना घेऊन या.”

“कुठे येऊ? मंगळवारी इथे काय असणार आहे?” माझा तोल सुटला. “हे सगळं वजनावर जाणार आणि तुम्ही आम्हाला जुनं दाखवा म्हणता! कसला नियम घेऊन बसलात?”

अक्कांनी चष्मा काढून पदराला पुसला.

“अय्यो, नियम कसला अण्णा,” त्या म्हणाल्या. “मला काहीच येत नव्हतं.”

मग त्यांनी सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

“ते गेले आणि बाराव्या दिवशी मी दुकान उघडलं. बुश म्हणजे काय, बेअरिंग म्हणजे काय, ठावं नाही. गिऱ्हाईक नाव सांगायचं, मी बघत राहायची. लाज वाटली म्हणून म्हटलं, जुनं आणा. ते हातात धरायची आणि एकेक डबा उघडून तसंच दिसेल ते शोधायची. एकेकाला तास-तास लागायचा. ते लॉरीचे ड्रायव्हर, मेकॅनिक, बाहेर उभे राहायचे. कुणी हसलं नाही. चुकीचं दिलं तर परत आणून द्यायचे आणि जाताना नाव सांगून जायचे, अक्का, याला हे म्हणतात. तुमच्या झाकणाचं मला सकलेशपूरच्या एका ड्रायव्हरनं सांगितलेलं. मला सगळं त्यांनीच शिकवलं. माझा किरण शिकला तो त्यांच्यामुळं.”

किरणकुमार दारात उभा होता. त्यालाही हे नवीन असावं, कारण तो खाली बघत होता.

“तुम्ही सतराजणांनी सतरा घरी नेलं तर ते कपाटात जाईल,” अक्का म्हणाल्या. “मग एखादा नाव ठावं नसलेला, मोडकं हातात घेऊन आला, तर कुणाचं कपाट उघडेल? भंगारात जाणं मला आवडतंय काय? पण कपाटात कुजणं तरी वेगळं काय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हातातली यादी फाडली आणि सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. “असू दे हो,” त्या म्हणाल्या, “तुम्ही ओरडता, पण येता.”

मग वादिराज पुढे झाला. त्यानं कानडीत विचारलं, आनेकलला माझी रेशमाच्या किड्यांची शेड चार वर्षं रिकामी आहे, छत पक्कं आहे, चालेल का? सगळा माल एकाच ठिकाणी राहील, आळीपाळीनं एकेकजण बसेल, आणि देताना आधी जुनं बघेल. अक्कांनी किरणकुमारकडे पाहिलं. तो म्हणाला, “आई, मला फक्त तू त्या उकाड्यात एकटी बसायला नको होतीस. रविवारी मी सोडत जाईन.” आणि त्यानं तिथल्या तिथं भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

सोमवारी अकरा जीपांतून डबे निघाले. एरवी आमच्या अकरा गाड्या निघाल्या तर तीन रस्त्यात बसतात. त्या दिवशी एकही बसली नाही, याला मी तरी इंजिनियरिंगची कृपा म्हणणार नाही. अक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि आनेकलपर्यंत इंजिनाच्या आवाजावर मला न विचारता सूचना करत होत्या. मी एकदाही चिडलो नाही.

शेडमध्ये दुपारभर फळ्यांवर मांडामांड चालली. अक्का हातानं चाचपून नाव सांगत, देवश्री चिठ्ठी चिकटवी. एका डब्यात मला कानडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळेची एक वस्तू सापडली. तळहाताएवढी, एका टोकाला हुकासारखा आकडा, मध्ये तीन भोकं. मी ती उलटसुलट करून पाहिली. चौतीस वर्षांची नोकरी, आणि मला काही बोध होईना. कुणी बघत नाही ना, याची खात्री करून घेतली आणि मग हळूच अक्कांजवळ गेलो.

“अक्का, हे काय आहे?”

त्यांनी ती हातात घेतली. भोकांवरून बोट फिरवलं, आकड्यावरून फिरवलं, खूप वेळ फिरवलं.

“मला ठावं नाही,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला?”

“आमच्या यांनी आणलेलं आहे. काय ते सांगायच्या आत गेले. त्रेचाळीस वर्षांत याचं जुनं घेऊन कुणी आलंच नाही.”

त्यांनी ती पुन्हा त्याच कागदात गुंडाळली आणि सगळ्यात पुढच्या फळीवर, हाताला लगेच लागेल अशी ठेवली.

“ठेवू या इथं,” त्या म्हणाल्या. “येईल कुणीतरी. तो सांगेल.”