रिकाम्या रकान्यातली लस

शिकवताना मी एक वाक्य हमखास फेकायची: क्लायंटला रिकामा स्क्रीन दाखवायचा नाही. मोकळे रकाने पाहिले की माणसाचा उत्साह मावळतो, म्हणून काहीतरी आकडे भरा आणि मग बोला. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

साकोलीच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी पुस्तकातला प्रोजेक्ट न करता खऱ्या माणसाचं खरं काम करावं, हा हट्ट माझाच. त्या वर्षी आमचे क्लायंट होते पवनीकडचे एक काका. ते साप पकडून जंगलात सोडतात. त्यांची मागणी साधी होती. जवळपासच्या कोणत्या आरोग्य केंद्रात आज सर्पदंशाची लस आहे, ते मोबाइलवर दिसावं. रोज सकाळी तिथल्या सिस्टरने आकडा भरायचा, बस्. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलात उतरलेल्या बाईला साप चावतो, आणि घरचे लस शोधत या गावाहून त्या गावी पळत सुटतात. त्या पळापळीतच जीव जातो, असं काका म्हणाले.

हे काम घेतलेल्या पोरींनी पंधरा दिवसांत यादी उभी केली. सिस्टरांनी आकडे भरायला अजून सुरुवात केली नव्हती. काकांना दाखवायच्या आदल्या दिवशी मी स्क्रीन पाहिला आणि खेकसले, "हे पांढरंफटक काय दाखवणार त्यांना? भरा काहीतरी!" पोरींनी सगळ्या केंद्रांपुढे वीस-वीस बाटल्या लिहून टाकल्या. ते पाहून काका बेहद्द खूश झाले, लिंकही घेऊन गेले, आणि मीही फुशारले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक विद्यार्थिनी नाचतच लॅबमध्ये आली. "मॅडम, काकानं कालच लिंक टाकून देली ग्रुपवर! अड्याळकडचे लोकं पाहून राह्यले!"

"आणि ते वीस-वीस? काढले ना?"

"नाही मॅडम. तुमीच तं भराले सांगतलं होतं."

बाई गं! माझी पाचावर धारण बसली. पोरीने दोन मिनिटांत यादी बंद केली. पण लोकांनी यादीचे फोटो काढून गावोगावच्या ग्रुपवर कधीच पाठवले होते. ते फोटो कोण पुसणार? काकांचा फोन लागेना. मग मीच एकेका केंद्राला फोन करायला बसले. घाईत पहिलाच नंबर दोनदा चुकला.

चार ठिकाणी सांगून झालं. पाचव्या ठिकाणी सिस्टर माझं बोलणं तोडत म्हणाली, "अहो मॅडम, तुमची यादी घेऊन माणूस इथंच उभा आहे. बायकोला मण्यार चावली म्हणतो. आमच्याकडची लस तर परवाच संपली."

मागून तो माणूस ओरडत होता, "वीस लिवल्या हायत ना इथं! काहून नाही म्हनता?" मग फोन बंद झाला.

अॅम्ब्युलन्सने बाईला भंडाऱ्याला नेलं, एवढंच कळलं. नंतरचे तीन तास मी फोनकडे पाहत बसले. आकडे भरणारी पोर कोपऱ्यात रडत होती. "मॅडम, ते बाई मेली तं?" मी तिच्या अंगावर ओरडले, "गप बस!" ओरडायला मी मोठी शहाणी! वीस तिने लिहिलं होतं, पण लिहायला लावलं होतं मीच. त्या बाईला लहान लेकरू असेल का, हा विचार मी ढकलत होते आणि तो परत परत येत होता.

पाचच्या सुमारास सिस्टरचाच फोन आला. भंडाऱ्यात लस मिळाली होती, बाई वाचली होती. मी टेबलावर डोकं टेकून रडले, पोरींसमोरच.

आठेक दिवसांनी तिचा नवरा कॉलेजात आला. हातात काटवलांची, रानातल्या भाजीची पिशवी. माझं नाव त्याला सिस्टरने सांगितलं असावं. पाया पडायला वाकला तशी मी मागे सरकले.

"मॅडम, घरचे तिले बुवाकडं नेऊन राह्यले होते. मोबाइलवर लस हाय असं दिसलं, म्हून मी हट्टानं दवाखान्यात नेलं. तुमच्या यादीनं वाचली ती."

पिशवी घ्यावी आणि गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप वाटलं. पण दारात आकडे भरणारी ती पोर उभी होती, माझ्या तोंडाकडे पाहत.

"भाऊ, ते आकडे खोटे होते," मी म्हटलं. "मीच भरायला लावले होते. दिखाव्यासाठी."

पुढे केलेली पिशवी त्याच्या हातातच राहिली.

"मंग आता खरे भरले हायत का?"

यादी तेव्हापासून बंदच होती. भीतीने मी ती उघडूच दिली नव्हती. आणि रोवणी अजून सुरू होती.

मी फोन उचलला आणि त्याच्यासमोरच पहिल्या केंद्राचा नंबर लावला.