नरडाण्यापुढचा वारा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. धुळ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गल्लीत कुणाला ‘बाहेरचं’ झालं म्हणाले, की मी पहिलं त्याचं हिमोग्लोबिन तपासायला सांगते. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... पण लिहिते.

मला लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड लावलं माझ्या मोठ्या भावानं. मी त्याला भाऊच म्हणायची. आमच्याकडे मार्चमध्ये एक स्पर्धा असते - जळगावहून निघायचं, जामनेर करून सातपुड्याच्या पायथ्यानं शिरपूर, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत धुळे. सामान सायकलीलाच बांधायचं, मदत कुणाची घ्यायची नाही. भूक लागायच्या आधी खा, चढावर घाई करू नको, हे सगळं भाऊनंच शिकवलं. सरावात तो वारा अडवत पुढे, मी त्याच्या चाकाला चाक लावून मागे. “वारा मी खासू,” म्हणायचा, “तू फक्त मना मांगे ऱ्हाय, माय.”

तीन वर्षांपूर्वी भाऊ हार्ट अटॅकनं गेला. त्यानंतर दोनदा मी ही स्पर्धा एकटीनं केली आणि दोन्ही वेळा नरडाण्याजवळ सोडली. तिथून पुढे उघडा हायवे, दुपारचा वारा थेट तोंडावर. पाय नाही, मनच पेडल मारायचं थांबायचं. यंदा ठरवलं होतं, काहीही होवो, त्याच्यासाठी एकदा पूर्ण करायचीच.

दुपारचे चार. नरडाणा मागे पडलं आणि वारा सुरू झाला. मान खाली घालून रडतच चालवत होते, खोटं कशाला सांगू. आणि एकदम वारा बंद! म्हणजे बाजूच्या बाभळी हलत होत्या, पण माझ्यापुढे वाराच नव्हता. मग कटकट ऐकू आली... पेडल थांबवल्यावर मागचं चाक करतं ती. माझं नव्हतं, माझे पाय तर चालू होते.

समोर, हातभर अंतरावर, एक चाक. मडगार्डला लाल रेडियमची तिरकी पट्टी. भाऊची ती सायकल आज वहिनीच्या घरी खिळ्याला टांगलेली आहे.

मी वर बघितलं नाही. भीती वाटली म्हणून नाही - बघितलं तर जाईल म्हणून. सोनगीर जवळ यायला लागलं तशी मी मुद्दाम हळू झाले. चाकही हळू झालं. आणखी हळू झाले... तेही झालं. स्पर्धा गेली खड्ड्यात, असंच चालवत राहावं असं वाटलं.

“माय, टाइम दख.”

स्पष्ट. त्याच वैतागलेल्या सुरात. मी घड्याळ बघितलं, पाच वाजत आले होते. मान वर केली... सोनगीरचा किल्ला, रिकामा रस्ता, आणि वाऱ्याची सणसणीत थप्पड. मग जी सुटले ती धुळ्यातच थांबले. अकरा मिनिटं राखून.

शेवटी एका कागदावर सही करायची असते - मदत घेतली नाही, कुणाच्या आडोशानं सायकल चालवली नाही, असं. पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

“आबा, मी एकाच्या मागे चालवली.”

स्पर्धेचं बघणाऱ्या आबांनी मोबाइलच्या नकाशावर कोण कुठे आहे ते दाखवणारे सगळ्यांचे ठिपके तपासले. पुढचा केव्हाच पोहोचला होता, माझ्या आसपास कुणीच नव्हतं. “पुढला कवयच पोहचना. मांगला आजून शिरपूरले शे. कोना मांगे चालनी तू?”

“भाऊना मांगे.”

आबा भाऊला ओळखायचे. मोबाइल खिशात टाकून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, “पोरी, सही कर. कोनी काय म्हनाव नही.”

पण सही करायची म्हणजे तो नव्हता असं लिहून द्यायचं. ते मला जमलं नाही.

ऊन, थकवा, दोन दिवसांची अर्धवट झोप... डॉक्टर मैत्रिणीनं कारणं दिली, मला पटलीही. मात्र त्याच पट्ट्यात, भर वाऱ्यात, माझा वेग वाढलेला आबांच्या मोबाइलवर नोंदलाय.

यादीत माझ्या नावापुढे ‘बाद’ लिहिलंय. पुढच्या मार्चमध्ये परत जाणार आहे. या वेळी घड्याळ घरी ठेवणार.