दादाच्या ट्रकचा पंखा

मी काय काम करते ते आमच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. कारखान्यांत हवा खेळवणारे मोठे पंखे असतात, त्यांची डिझाइन मी करते. आईनं त्याचं सोपं करून टाकलं होतं, "आमची धाकटी पंखे काढते." शेजारच्या काकूंनी एकदा त्यांच्या छताचा पंखा कुरकुरतो म्हणून मला बोलावणं धाडलं होतं. मी गेले नाही. दादा मला इंजिनियरबाई म्हणायचा. त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती हे मला अजून कळलेलं नाही.

दादाचा मांडवाच्या सामानाचा ट्रक होता. स्वतःचा. लोखंडी पाइप, कनाती, खुर्च्यांच्या थप्प्या भरून तो लग्नसराईत शहरभर फिरायचा. कुणाच्या हाताखाली राहायचं नाही, हा त्याचा एकमेव हट्ट, आणि तो ट्रक म्हणजे तो हट्ट. ट्रक जुना होता. समोरचा उष्णतेचा काटा कधीचा मेलेला, बॅटरी चार्ज होत नाही हे सांगणारा लाल दिवाही मेलेला. दादाला त्यांची गरज नव्हती. इंजिनाच्या तोंडाशी लोखंडी पात्यांचा पंखा होता. तो आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरायचे. पंप इंजिनातून पाणी फिरवणार, पंखा ते रेडिएटरमध्ये गार करणार. पंख्याची घरघर केबिनमध्ये इतकी की बोलायचं तर ओरडावं लागे. पट्टा तुटला की ती घरघर थांबायची, आणि ती थांबली की दादा थांबायचा.

कात्रजच्या घाटात एकदा मी त्याच्या शेजारी बसले होते. मला काही म्हणजे काही कळलं नाही. त्यानं बोलता बोलता गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि सीटमागे टांगलेला नवा पट्टा काढला. "गेला," एवढंच म्हणाला. ही गोष्ट मी ऑफिसात डबा खाताना सांगितली. माझा भाऊ कानानं गाडी चालवतो म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

पट्ट्यावरच्या पंख्याचा एक दोष असतो. इंजिन संथ चाललं की तोही संथ चालतो, म्हणजे गर्दीत, जेव्हा वाऱ्याची खरी गरज, तेव्हाच तो अंग चोरतो. एका एप्रिलात भर दुपारी स्वारगेटच्या चौकात ट्रक उकळला. दादा मला सोडायला निघाला होता. बॉनेटमधून वाफ, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि मी ऑफिसच्या कपड्यांत हातात पाण्याचा कॅन घेऊन उभी. नेमके आमचे साहेब शेजारून गेले. काच खाली करून म्हणाले, "मॅडम, हवा हा आपलाच विषय ना?" आणि काच वर केली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दादाच्या इंजिनाची काळजी वाटली नाही. लाज वाटली. पुढचं सगळं त्या लाजेतून झालं, प्रेमातून नाही. मी पुष्कळ दिवस लोकांना प्रेमातून झालं असं सांगत होते.

दादा म्हणाला, "अगं, रेडिएटर धुऊन घेतो, भागेल. गर्दी सुटली की गार होते ती." मी म्हणाले, तुला यातलं कळत नाही. बावीस वर्षं ट्रक चालवणाऱ्या माणसाला मी हे म्हणाले. तो हसला आणि म्हणाला, "बरं बाई, बसव तुझा पंखा."

विजेचा पंखा बसवायचा ठरलं. बॅटरीवर चालणारा, इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नसलेला. मी आठवडाभर खपले. रेडिएटरची जाळी मोजली. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोला किती भार झेपेल ते काढलं. पंखा पुढून हवा ढकलणारा घ्यायचा की मागून ओढणारा, यावर दोन संध्याकाळी घातल्या आणि ओढणारा ठरवला. सगळ्या जाळीतून हवा यावी म्हणून मागे पत्र्याचं कवच करून घेतलं. ऑफिसातल्या कुठल्याही कामावर मी इतकी मेहनत घेतली नव्हती.

नाना पेठेतल्या दुकानात दोन पंखे समोर आले. वारा दोघांचा जवळजवळ सारखा. एक सरळ पात्यांचा, भयंकर आवाज करणारा. दुसऱ्याची पाती वळवलेली, आवाज जेमतेम. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. दुकानदार म्हातारे होते, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, "गाडीतला काटा चालू आहे?"

"नाही. पण हा पंखा सतत चालूच राहणार आहे."

"मग आधी काटा घ्या. पंखा नंतर."

"अहो, मी याच विषयातली इंजिनियर आहे."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे नीट बघितलं. "मग प्रश्नच मिटला," म्हणाले, आणि पंखा खोक्यात घालू लागले. मी तो पुणेरी खवचटपणा समजून सोडून दिला. साधा सल्ला होता तो. पण शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात, तो शहाण्याला.

पंखा बसला. लोखंडी पाती काढली. पट्टा राहिला, पण आता तो फक्त पंप आणि डायनामो फिरवणार होता. स्टिअरिंगशेजारी मी एक खटका लावला, खटक्यात पंखा चालू असला की लागणारा छोटा हिरवा दिवा. दादाला सांगितलं, "उन्हाळ्यात खटका चालूच ठेवायचा. हिरवा दिवा आहे तोवर गाडीची काळजी करायची नाही." वाक्य नेमकं हेच होतं. मला त्यातला शब्दन् शब्द पाठ आहे.

महिनाभर मी हवेत होते. गर्दीत ट्रक गार. केबिनमध्ये पहिल्यांदाच साध्या आवाजात बोलता येऊ लागलं. दादा म्हणाला, "फार शांत वाटतं गं." मला ती तारीफ वाटली.

मे महिन्यात खडकवासल्याकडच्या एका लॉनवर मांडव होता. ट्रक गळ्यापर्यंत भरलेला. सिंहगड रस्त्यावर कुठेतरी पट्टा तुटला. पूर्वी घरघर थांबली असती. आता थांबायला घरघरच नव्हती. पंप बंद पडला, इंजिनातलं पाणी जागच्या जागी उकळू लागलं, आणि माझा पंखा बॅटरीवर आपला गार रेडिएटरला वारा घालत राहिला. धरणाच्या अलीकडच्या चढावर इंजिन जाम झालं. सामान दुसऱ्याच्या ट्रकनं गेलं, लग्न वेळेवर लागलं.

गॅरेजमध्ये मिस्त्रीनं तुटलेला पट्टा माझ्या हातात दिला. पिस्टन आतच अडकून बसले होते, हेडला चीर गेली होती. "या इंजिनात आता राम नाही," तो म्हणाला. पट्ट्याकडे बघताना मला सगळं एका क्षणात कळलं. तेवढी हुशार मी आहेच. दादा माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त सीटमागचा नवा पट्टा काढून खिशात घातला.

ट्रक भंगारात गेला. दादा आता दुसऱ्याचा ट्रक चालवतो. नवी गाडी आहे, मालक फोनवर बघतो ती कुठे उभी आहे, किती वेळ उभी आहे. चहाला थांबला तरी फोन येतो, आणि माझा भाऊ त्याला "हो साहेब" म्हणतो. पंखा त्यानं भंगारवाल्याकडून सोडवून मला आणून दिला, कनातीच्या कापडात गुंडाळून. "तुझा पंखा. ठणठणीत आहे." त्यात टोमणा नव्हता, हेच मला सहन होत नाही. पंखा माझ्या बाल्कनीत पडून आहे.

परवा दादा जेवायला आला होता. इतक्या दिवसांनी मी विचारलं, "दादा, त्या दिवशी तुला काहीच कळलं नाही?"

"कळलं की," तो भात कालवत म्हणाला. "पायाला चटका लागत होता. वास आला. गाडी ओढेना. दोनदा कडेला घ्यायला निघालो होतो."

"मग घेतली का नाहीस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, लहानपणी मी काही खुळ्यासारखं विचारलं की बघायचा तसं.

"दिवा हिरवा होता ना," तो म्हणाला. "तूच म्हणाली होतीस."

मी त्याला आणखी भात वाढला.